पिंपळाची मदर

आमच्या गच्चीवर एका पसरट कुंडीत पिंपळ होता. उंची गुडघ्याएवढी, बुंधा मनगटाएवढा. पुण्याहून येणारे पाहुणे त्याला बोन्साय म्हणत आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसून फोटो काढत. वडील प्रत्येकाला एकच दुरुस्ती सांगत, "बोन्साय शोभेला असतं. ही मदर हाय."

हा शब्द त्यांनी नारायणगावातल्या एका नर्सरीतून आणला होता. ते एसटीत कंडक्टर होते. गाडी सुटायला वेळ असला की नर्सरीत जाऊन बसत. ज्या झाडावरून लावणीसाठी काड्या घेतात, त्याला नर्सरीवाले मदर म्हणतात. ते झाड लहानच ठेवायचं, फांद्या वाढू द्यायच्या नाहीत, अधूनमधून कुंडीतून काढून मुळंही छाटायची. छाटलं की नवे फुटवे येतात आणि फुटव्याची काडी मुळं धरते. न छाटलेलं झाड नुसतं वाढत राहतं. नर्सरीवाल्याचं वाक्य वडील त्याच्याच आवाजात सांगत : "मदरला जीव लावायचा नाय, भाऊ. कात्री लावायची."

पेठ गावाच्या अलीकडे, पुणे–नाशिक रस्त्याच्या कडेला, आमच्या वस्तीचं जुनं विहार होतं. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्म स्वीकारल्यावर आजोबांनी तिथं बोधिवृक्ष म्हणून पिंपळ लावला. पुढे रस्ता रुंद झाला, तेव्हा विहार गेलं आणि पिंपळही गेला. तो पडण्याआधी वडिलांनी त्याच्या काड्या आणून गच्चीवर लावल्या होत्या. एकच जगली. नव्या विहाराची जागा ठरेपर्यंत तिला मोठं होऊ देणं परवडणारं नव्हतं, म्हणून तिची मदर झाली. नवं विहार उभं राहील तेव्हा त्याच्या अंगणात आजोबांच्याच झाडाची फांदी असावी, एवढं वडिलांना हवं होतं. याविषयी ते बोलत नसत. जागेची बैठक असली की कुंडीला पाणी घालून मग जात, इतकंच.

घरात पिंपळ ठेवणं आमच्या शेजाऱ्यांना पसंत नव्हतं. त्यांच्याकडे पिंपळावर मुंजा राहतो.

"आबा, रात्रीचा मुंजा आला म्हंजी?" शेजारी कठड्यावरून विचारत.

"एवढ्याशा झाडावर बसंल कुठं? बसला तर छाटीन."

आषाढ पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. ती झाली की वडील छाटणी करत. काड्यांचा चीक धुऊन त्या पिशव्यांत लावत. तयार झालेलं एक रोप घोडेगावच्या विहाराला गेलं, एक मढला. आमच्या विहाराचं मात्र जागेवरच अडलं होतं.

अखेर जागा मिळाली. पाया खणायला घेतला आणि तोपर्यंतच्या वंदनेसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. माझी आत्या गावातच दिलेली, आणि महिला मंडळाची अध्यक्ष. ती म्हणाली, "दादा, झाड गच्चीवर कुणाला दिसतंय? शेडात आण. लोकं बघतील तरी."

वडिलांनी कुंडी शेडमध्ये नेऊन ठेवली.

आधी कुंडीपुढे मेणबत्ती आली. मग अगरबत्ती, फुलं, बुंध्याला पंचशील ध्वजाच्या रंगांची रिबीन. मग वेल्डरकडून जाळी आली. जाळीला कुलूप होतं आणि वर पाटी होती : झाडाला हात लावू नये. किल्ली आत्याकडे होती. पाणी रोज आणि भरपूर घातलं जाई, कारण पाणी घालण्याची पाळी मिळावी म्हणून बायकांत वाद होत.

आषाढ पौर्णिमेनंतर वडील कात्री घेऊन शेडमध्ये गेले. मी सोबत होतो.

"दादा, हातात काय हाय?" आत्यानं विचारलं.

"कात्री."

"बोधिवृक्षाला कात्री?"

"दरसाल लावतो."

"गच्चीवर लावत व्हतास. तिथं आमी बघाया नव्हतो."

"मीच लावलाय तो, बाई."

"पोरंबी तूच वाढवलीस. त्यांचे हात छाटलेस का?"

"त्यांना परत फुटले नसते."

शेडमधल्या बायका हसल्या. आत्याही हसली. कुलूप तिनं उघडलं नाही. पुढच्या वर्षी वडिलांनी पुन्हा विचारलं. त्या वर्षी हसायलाही कुणी नव्हतं, नाही म्हणायला आत्या होती.

विहार बांधून पुरं झालं. अंगणात झाडासाठी खड्डा खणला गेला आणि फांदी कधी लावायची, असं लोक वडिलांना विचारू लागले. जाळी उघडली. फांद्या लांबच लांब वाढल्या होत्या, बारीक आणि फिक्या, फक्त टोकाला पानं. मुळांनी कुंडी गच्च भरली होती. माती बोटानं दाबूनही दबत नव्हती. वडिलांनी सगळ्या फांद्यांच्या काड्या केल्या आणि पिशव्यांत लावल्या. त्या एकामागून एक काळ्या पडल्या. मदरनं उरलेली पानंही टाकली.

"मग हीच खड्ड्यात लाव की," आत्या म्हणाली.

"या मुळांवर जमिनीत जगायची नाय. ही गेली की संपलं."

"आमी तर लई जपलं, दादा."

"व्हय," वडील म्हणाले. "जपलंच."

त्या दिवशी आत्या जेवली नाही, असं तिच्या सुनेनं सांगितलं.

जिथं रोपं दिली होती तिथून फांदी परत मागणं एवढा एक मार्ग उरला. आम्ही घोडेगावला गेलो. वडिलांनी आत्यालाही सोबत घेतलं. तिथलं झाड सरळ वर गेलं होतं, भोवती पक्का कट्टा, वर पाटी. तिथल्या मंडळींनी चहा दिला, वडिलांचा सत्कार केला आणि फांदी दिली नाही. "आबा, तुमीच दिलं, आन् तुमीच तोडाया आला?" या प्रश्नावर आत्यानं मान खाली घातली. शेडमध्ये तिनंही असंच विचारलं होतं.

मढला जाताना ती आपण होऊन सोबत आली. तिथल्या विहाराची देखभाल एक म्हातारे गृहस्थ करत. जय भीम झाल्यावर ते आम्हाला झाडाकडे नेईनात. पाणी घ्या, बसा, असं चाललं होतं. शेवटी म्हणाले, "आबा, आधी माफी मागतो. लई लाज वाटती."

"मेलं का?"

"मेलं नाय. शेळी खाती त्याला. कुंपण केलं, कुंपणबी खाल्लं. दरसाल वाटतं आता वाढंल, की आलीच. एवढ्या वर्षांत कमरंच्या वर गेलं नाय."

वडील उठून विहाराच्या मागे गेले. झाड कमरेएवढं होतं, करवंदीच्या जाळीसारखं गच्च. जिथं जिथं खाल्लं होतं तिथं तिथं दोन-दोन फुटवे आले होते, बोटाएवढे, रसरशीत. वडिलांनी त्याला एक फेरी मारली.

"शेळी कुठाय?"

"बांधलीया. तुमी येणार म्हणून."

ते शेळीपुढे जाऊन थोडा वेळ उभे राहिले. शेळी त्यांच्या पिशवीकडे बघत होती. "हिला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. गृहस्थांना ते रागावून बोलताहेत असं वाटलं आणि त्यांनी पुन्हा माफी मागितली.

काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आत्यानं परतीच्या एसटीत मांडीवर धरल्या. बहुतेक जगल्या. सगळ्यांत चांगलं रोप विहाराच्या अंगणात लागलं. ते आता वडिलांच्या खांद्याला येतं. त्याला हात लावू नये अशी पाटी आहे, आणि तिथं ती बरोबर आहे. दुसरं रोप गच्चीवर पसरट कुंडीत आहे. शेजारी जुनी मदर. तिला अजून काही फुटलेलं नाही. वडील तिलाही पाणी घालतात.

यंदाच्या आषाढ पौर्णिमेला आत्या जिना चढून वर आली. कुंडीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. वडील मागे उभे होते. तिची वंदना झाल्यावर त्यांनी कात्री तिच्या हातात दिली.

तिनं एक फांदी कापली. पांढरा थेंब आला.

"दादा, रडतंय बघ."

"चीक हाय. पूस आन् काप."

"किती कापू?"

"शेळी खाती तेवढं," वडील म्हणाले.