कमरेवरचा लोटा

चंद्रभागाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत होते. "झोपेतच..." एवढं बोलून तिची सून रडायला लागली. खरं सांगते, मला आधी रागच आला. परवाच तर बाई मला अंगणात दटावत होती!

काकू आमची शेजारीण, पंचवीस वर्षं रोवणीच्या बायांची मुकादम. दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं लावता लावता तिची कंबर गेली, तेव्हा दवाखान्यातल्या पोरीनं पोटापाठीचे व्यायाम शिकवले. काकूनं ते आपल्या पद्धतीचे करून टाकले. रोवणीआधी महिनाभर ती बायांना अंगणात हात-गुडघे टेकून घोडा करायला लावायची, कमरेवर भरलेला लोटा ठेवायची. मग एक हात पुढे, त्याच्या उलट बाजूचा पाय मागे. पाणी सांडलं तर जिचं सांडलं तिनं हापशीवरून घागर आणायची. नाही सांडलं तर ते पाणी काकू स्वतः घटाघटा प्यायची.

मागच्या वर्षी माझी कंबर धरली. पायाला मुंग्या, डॉक्टर ऑपरेशनचं बोलले. दीड एकर धान, घरात करणारी मी एकटी... पार घाबरले होते. पट्टा आवळून फिरायची, ते काकूनं पाहिलं.

"पट्टा कायले आवळून राहिली? तो सुटला का कंबर सुटली. पोटाले काम सांग! अन् श्वास नोको धरू."

डॉक्टरांना विचारून सुरू केलं. महिन्यात दुखणं थांबलं, तसा मी शहाणपणा केला, व्यायाम सोडला. धानाचा भारा वळून उचलला आणि जागीच बसले.

"दुखत नाही म्हणून सोडलं? पोट भरलं म्हणून शेती सोडतेस का वं?" काकू म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून लोटा ठेवला.

ऑपरेशन टळलं. यंदा शेताच्या शेवटच्या बांधीपर्यंत मी रोवणी केली. लोटा मात्र रोज सांडायचाच. घागरी वाहून वाहून मी वैतागले, की काकू हसायची. "तुह्या लोट्यातलं पाणी पेल्याबिगर मरत नाही मी!"

तेरवी झाली तरी सकाळी मी तिच्याच अंगणात जाते. लोटा आता तिची सून ठेवते. काल दहाच्या दहा वेळा हात-पाय ताणून झाले, थेंबही सांडला नाही. सुनेनं लोटा उतरवून समोर ठेवला, काठोकाठ भरलेला. दोघी बघतच राहिलो...

"पे नं, काकू," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरलं नाही.