काशीला न जाता सोडलेले गहू

तिवस्याला एका लग्नाच्या पंगतीत मी काशी करून आलो. म्हणजे बसलो होतो तिवस्यातच, पत्रावळीसमोर मांडी घालून. पण उठलो तो काशीयात्रा केलेला माणूस म्हणून.

त्याआधी दोनेक महिने अमरावतीच्या पोटाच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की कणकेला जो चिवटपणा येतो, ज्याला ते ग्लूटेन म्हणतात, तो माझ्या आतड्याला सोसत नाही. सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. औषध नाही, गहू जन्मभर बंद. शिवाय आतडं इतकं सोलवटलंय की दूधही पचत नाही, तेव्हा दूध, दही, तूप, खवा हेही बंद. मी आयुष्यभर ज्याला ‘पोट जरा नाजूक आहे’ म्हणत आलो, त्याला एवढं भारदस्त नाव निघेल असं वाटलं नव्हतं.

तर पंगत. पोळी आली, मी हात आडवा केला. बासुंदी आली, हात आडवा. मठ्ठा, जिलेबी, वरणावर तूप. माझा हात पत्रावळीवर छत्रीसारखा उघडलेलाच. शेजारी नवरीचे चुलत आजोबा बसले होते. ते म्हणाले, “काहून मास्तर, आमच्या घरचं गोड चालत नाही काय?” आता त्यांना काय सांगायचं? लहान आतडं? जुलाब? तेही लोक बासुंदी ओरपत असताना? मी मुळात कमी बोलणारा. वर्गात भूगोल शिकवतो तेवढंच माझं बोलणं. म्हणालो, “सोडलं आहे.”

“काशीले?”

मी मान हलवली.

खोटं त्यांचं होतं, माझी फक्त मान होती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला बजावत राहिलो. काशीला गेलेला माणूस आपल्या आवडीची एखादी वस्तू तिथे सोडून येतो आणि मरेपर्यंत तिला तोंड लावत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हुशार माणसं कारलं सोडतात. मी गहू आणि दूध दोन्ही सोडलंय हे पत्रावळीवरून ओळखून म्हाताऱ्याने खरकटा हात बाजूला धरून डाव्या हाताने मला नमस्कार केला.

त्या दिवसापासून माझा रस्ता साफ झाला. आजाऱ्याला लोक म्हणतात, घ्या हो थोडंसं, एवढ्यानं काय होते. काशीवाल्याला कोणी तसं म्हणत नाही. उलट त्याच्यासाठी वेगळा भात टाकतात.

घरचं सांगायचं तर माझं खाणं सोपंच आहे. आमच्या वऱ्हाडात ज्वारीची भाकर काही परदेशातून आणावी लागत नाही. अडचण ज्वारीच्या आजूबाजूला असते. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पीठ बाटलं, म्हणून मी सकाळी गिरणी उघडायच्या आधी डबा घेऊन पायरीवर बसतो, जात्यात पहिलं दळण माझं पडावं म्हणून. गिरणीवाल्याने हेही सोवळं समजून घेतलं. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं हे मला पन्नाशीत कळलं. तोवर मी पोट बरं वाटावं म्हणून हिंगच खात होतो. शाळेत चहा कोरा. एकादशी, शिवरात्र, चतुर्थी हे माझे मेजवानीचे दिवस, कारण साबुदाणा आणि भगर बिनधास्त खाता येते. मी उपासाच्या दिवशी इतका प्रसन्न दिसू लागलो की शिपाईमामा मला मुहूर्त विचारू लागले.

आणि लोक काशीबद्दल विचारत. मी भूगोलाचा मास्तर. गंगा तिथे उत्तरवाहिनी होते, घाट सगळे एकाच काठावर आहेत, पलीकडे वाळू, असं मी नकाशावर बोट ठेवल्यासारखं सांगायचो. एका सहकाऱ्याची आई ते ऐकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले, पण उशिरा.

खरं काय ते बायकोला आणि मुलाला माहीत होतं. बायको म्हणाली, “आता एक कमंडलू तेवढा घेऊन टाका.”

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, मुलाची आणि भावंडांची तपासणी करून घ्या. मुलाने पुण्यात रक्त दिलं, तो सुटला. राहिली माझी मोठी बहीण, अकोल्याची. आम्ही दोघंच भावंडं. ताईच्या अंगात रक्त कमी, पोट कायम बिघडलेलं. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन ती थकलेली. मला त्याच दिवशी तिला फोन करायला हवा होता. पण माझ्या आधी माझी काशी अकोल्याला पोचली होती. तिचाच फोन आला. म्हणाली, आपल्या घराण्यात असं कोणी केलं नाही, बाबू, आईबाबांचं नाव काढलंस. ती रडत होती. मी म्हटलं, काळजी घे. आणि ठेवून दिला.

नंतर सांगू, भेटीत सांगू, असं करत दिवाळी आली. भाऊबीजेला अकोल्याला गेलो. ताईने औक्षण केलं तेव्हा तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या. ताटात माझ्यासाठी पेढ्याऐवजी गुळाचा खडा होता. माझ्यासाठी तिने वेगळ्या तव्यावर भाकरी केल्या होत्या, पातळ आणि टम्म फुगलेल्या. तिच्यासारखी भाकर मी दुसरीकडे खाल्ली नाही. पण तिच्या स्वतःच्या ताटात पोळ्या. ताई म्हणजे भाकरीवाचून न जगणारी बाई. पोळी तिला कागद चावल्यासारखी लागायची. मी विचारलं, भाकर का नाही घेत?

“मी सोडली.”

“कधी?”

“तू काशीहून आला ना, तवाच. तू एवढं सोडलं, वाळून गेला, म्हणजे काही मोठंच मागतलं असशीन देवाले. म्या म्हटलं, आपल्याच्यानं काशी होत नाही, तं घरी बसून हातभार लावू. मले काय, भाकर आवडे. भाकर सोडली.”

म्हणजे माझ्या बहिणीने माझ्या मानेच्या एका झटक्यापायी ज्वारी सोडली होती आणि कित्येक महिने दिवसातून तीन वेळा फक्त गहू खात होती. मी समोर बसून तिच्या हातची भाकर मोडत होतो. एवढं कळल्यावर तरी माणूस बोलतो. मी आणखी एक भाकर घेतली, आणि संध्याकाळच्या एसटीने अमरावतीला परत आलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कमंडलूचा विनोद केला नाही. एवढंच विचारलं, “तुमी सांगता का मी सांगू?” तरी माझे आणखी काही दिवस सहामाहीचे पेपर तपासण्यात गेले. ते पेपर मी इतके लक्ष देऊन कधीच तपासले नव्हते.

शेवटी गेलो तेव्हा ताई अंगणात उन्हाला बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही सोलायला बसलो. पंगतीपासून सुरू केलं आणि सगळं सांगितलं. आतडं, जुलाब, ग्लूटेन, मान. तिचं पोट, तिची तपासणी. नेहमीप्रमाणे मध्येच वर्गातल्यासारखं शिकवायला लागलो, तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. “म्हणजे तू काशीले गेलाच नाही.”

“नाही.”

“अन् म्या साऱ्या गल्लीत सांगतलं.”

मला वाटलं रागावेल, तर बरं होईल. पण तिने माझ्यापुढचे दाणे आपल्या टोपल्यात ओढून घेतले, आणि माझ्याकडे फक्त टरफलं राहिली.

तपासणीला मात्र ती निमूट आली. रक्तात तेच निघालं, पुढे दुर्बिणीने आतडं बघितलं, त्यातही तेच. तपासणी नीट व्हायची तर आधी गहू पोटात जात असावा लागतो, असं डॉक्टर म्हणाले. तेवढाच माझ्या काशीचा उपयोग झाला.

गहू त्याच दिवशी बंद झाला. मी म्हटलं, आता भाकर खा. ती म्हणाली, “नाही.” मी म्हटलं, अगं, मी खोटं बोललो होतो, ते सोडणं धरायचं नाही. त्यावर ती म्हणाली, “खोटं तू बोलला. मी नाही बोलली. म्या देवापुढं दिवा लावून सोडली.”

मग सकाळ-संध्याकाळ भात. भात आमच्या जिभेला पाहुण्यासारखा. चार घास आला-गेला ठीक, रोजचा नाही. ताई घासभर खायची आणि ताट सारायची. वजन वाढायचं सोडून उतरू लागलं. डॉक्टर ओरडले, भाऊजी ओरडले. मी रोज फोन करायचो आणि ती रोज म्हणायची, जेवली. ती खोटं बोलायला शिकली असेल तर कोणाकडून, हे सांगायला नको.

एकदा भाऊजींच्या समोर मी विचारलं, यातून सुटायचा काही मार्ग तुझ्या डोक्यात आहे का? तिच्या डोक्यात तो आधीपासून होता.

“माह्या नावावरून काढ अन् तुह्या नावावर चढव,” ती म्हणाली. “शेताचा फेरफार करते ना तलाठी, तसा. भाकर कोणा एकानं सोडूनच असली पायजे. पण फेरफार घरी होत नाही. काशीलेच जा लागते. खरा जाजो.”

भाऊजी हसायला लागले. ती हसत नव्हती.

गेलो. गाडीत बायकोने बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा. गंगा उत्तरवाहिनी आहे, घाट एकाच काठावर आहेत, पलीकडे वाळू आहे. पुस्तकात सगळं बरोबर होतं. फक्त पायऱ्या इतक्या उंच असतील हे पुस्तकात नव्हतं. खाली उतरून मी पुडीतली शेवटची भाकर काढली. तीन दिवसांची, वाळून पापड झालेली. ठेचा लावून सगळी खाल्ली, पुडीतला चुरासुद्धा. मग पंड्यासमोर बसलो.

“क्या छोड़ रहे हैं?”

“ज्वार.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. लोक परवलाची भाजी सोडतात, पेरू सोडतात, म्हणाला. ज्वार तर आमच्याकडे गुरं खातात, ती सोडण्यात तुमचं काय जातं? हा माझा पहिला खरा श्रोता होता, आणि मला वऱ्हाडी सोडून दुसरं काही धड बोलता येत नव्हतं. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडलं.

परतताना आधी अकोल्यालाच उतरलो. ताईने मोबाइलमधले फोटो एकेक करून पाहिले, बोटांनी मोठे करून. एका फोटोत मी पाण्यात उभा आहे आणि पंड्या जांभई देतोय. तो फोटो तिला पुरला. ती उठून चुलीशी गेली. कित्येक महिन्यांनी तिने परातीत पीठ घेतलं ते स्वतःसाठी. हात विसरले नव्हते, पण दम लागत होता. एक भाकर थापून ती पाटावर टेकून बसली. मी थापतो म्हणालो, तर म्हणाली, “तू भाताचं पाहा,” आणि दुसरीही स्वतःच थापली.

भात मीच टाकला. जरा लागला.

तिने भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेल-तिखट घातलं, पहिला घास तोंडात धरून ठेवला, मग सावकाश चावला. मी भाताकडे बघत होतो.

“कडक झाली जराशी,” ती म्हणाली, आणि दुसरीला हात घातला.