रश्मीला कायम होण्यासाठी काय काय यावं लागलं

आमच्या ऑफिसात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. धूळ निदान शनिवारी झाडली जाते. हे सगळे किस्से रश्मीचे. रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्यात ती सायबर सिक्युरिटी सांभाळायला आली, ती प्रोबेशनवर. ठेवायचं की नाही, ते मालक, म्हणजे सेठजी ठरवणार. वडील रिटायर, गढा मोहल्ल्यात भाड्याचं घर. नोकरी टिकणं तिला भागच होतं.

*

इंटरव्ह्यूत ती फायरवॉल, नेटवर्क असं पुष्कळ बोलली. सेठजींनी शांतपणे ऐकून विचारलं, "अच्छा, और प्रिंटर?"

तिने वाकून अडकलेला कागद ओढून काढला. नोकरी तिथेच मिळाली!

*

तिचा पहिला हुकूम: पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. डिस्पॅचचे साहू भैया तो मनापासून पाळत. मग ते लग्नाला मझौलीला गेले आणि इकडे भरलेला ट्रक बिलासाठी अडला. मी फोन लावला. मंडपात बँड वाजत होता, म्हणून भैयांनी स्पीकर लावून पासवर्ड ओरडून सांगितला. कॉम्प्युटर काही घेईना. तेवढ्यात पलीकडून दुसराच आवाज आला, "आखिर में एक शून्य और है, भैया!"

ते नवरदेवाचे मामा होते.

*

कोण फसतं ते बघायला तिने सगळ्यांना एक खोटी मेल पाठवली: बोनसची यादी, इथे क्लिक करा. आम्ही सगळे फसलो. ते ती धरूनच चालली होती. पण सर्वांत आधी क्लिक केलं होतं सेठजींनी. ते तणतणत खाली आले.

"बोनस मंजूर किसने किया?"

रश्मीने हसू दाबलं. या धंद्यात तेही यावं लागतं. सेठजींनी मात्र मनावर घेतलं. म्हणाले, आता बाहेरचा माणूस बोलावतो, तो न सांगता येऊन सर्व्हर रूममध्ये शिरायचा प्रयत्न करेल.

"वो अंदर, तो तुम बाहर."

*

सेठजींनी मुद्दाम रश्मीच्या रजेचा दिवस निवडला. तो माणूस एसी दुरुस्तीवाला बनून आला, हातात खोव्याच्या जिलेबीचा डबा. गार्डने जिलेबी खाल्ली आणि गेट उघडलं. मी चहा पाजला. साहू भैयांनी तर त्याची पेटी उचलून जिना चढवली.

सर्व्हर रूमच्या दाराशी अकाउंट्सच्या कुंदाताई बसल्या होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला. त्याने किल्ली मागितली, त्या नाही म्हणाल्या. त्याने सेठजींच्या सहीचं पत्र दाखवलं, मग सेठजींनाच फोन लावून दिला.

"सेठजी," कुंदाताई म्हणाल्या, "आप खुद आए तो भी आज नहीं खुलेगा."

तो कंटाळून गेला. मी विचारलं, "ताई, काहून नाही उघडलं?"

त्यांनी दार किलकिलं केलं. सर्व्हरच्या रॅकला फडक्यात बांधून चक्का टांगला होता, खाली पातेलं.

"उद्या नातवाचं बारसं आहे. एवढ्या उन्हात घरी आंबून नसता गेला? इथे एसी तरी आहे."

रिपोर्ट आला: सर्व्हर रूमची सुरक्षा उत्तम, कर्मचारी मालकाच्या दबावालाही बधत नाहीत. रश्मी कायम झाली.

सेठजी तिच्या टेबलाशी आले. "ऐसी ट्रेनिंग दी कैसे?"

रश्मीने श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

"धीरे-धीरे, सेठजी."