आमची गल्ली चालते

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, म्हणू या. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले सगळे देव नदीत गेले, आणि देवांबरोबर भुतंही गेली. बाबा तर गणिताचे मास्तर. कोणी "त्याला बाहेरचं लागलंय" म्हटलं की विचारायचे, "बाहेरचं म्हणजे कोणत्या वॉर्डातलं?" अशा घरात मी वाढले. तरी हे लिहून पाठवते आहे, कारण पोटात ठेवून ठेवून आता राहवत नाही.

मी बँकेत आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी नागपूरहून मूलला बदली झाली. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चहूकडे धानाची शेती, राईस मिल आणि मोठा बाजार. बदलीचं मला काही नव्हतं, काळजी होती बाबांची. त्याच्या थोडंच आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत का होईना टाकत होते, पण डाव्या हाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकदा त्यावर गरम चहा सांडला, कातडी लाल झाली, आणि हे आपले पेपर वाचतच बसले... डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले काही महिनेच महत्त्वाचे. रोज चालवा, सपाट जागेवर. आत्ता चालले नाहीत तर पुढे खुर्चीच." आई नाही, भाऊ-बहीण नाही, आम्ही दोघंच. मी मनातून फार घाबरले होते.

म्हणून घर शोधताना माझी एकच अट होती — दाराबाहेर फूटपाथ पाहिजे. मूलमध्ये ही अट सांगितली की लोक माझ्याकडे दयेनं बघायचे. रस्ता सिमेंटचा, पण कडेला पाय टाकला की थेट नालीत. नाली नसेल तिथे मोटारसायकली, आणि मोटारसायकल नसेल तिथे वाळत घातलेलं धान! गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर फिरायला न्यावं तर तिकडे वाघ. लंगडणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन तिकडे कोण जाईल?

घर दाखवणाऱ्या दलालाला मी म्हटलं, "चालता येईल अशी जागा दाखवा." त्यानं मान डोलावली आणि मला बसस्टँडजवळच्या एका गाळ्यासमोर उभं केलं.

"घ्या म्याडम, एकदम चालती जागा! किराना टाका, झेरॉक्स टाका, कस्टमर तुटत नाई."

त्याला वाटलं मी दुकान टाकते आहे. हसावं की रडावं कळेना.

शेवटी कंटाळून त्यानं मला राईस मिलच्या मागच्या एका गल्लीत नेलं. आणि मी बघतच राहिले. दोन्ही बाजूंना साधी कौलारू घरं, पण डाव्या रांगेसमोर रस्त्यापेक्षा वीतभर उंच, सलग, दगड बसवलेला पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर एक गाडी नाही, खाट नाही, धान नाही, कोंबड्या झाकायची पाटीसुद्धा नाही. सकाळचा शेणाचा सडा घालून स्वच्छ ठेवलेला. नागपुरात इतकी वर्षं काढली, पण असा मोकळा फूटपाथ मी पाहिला नव्हता. नगरपरिषदेनं बांधलाय का विचारलं तर घरमालकीण सुमनबाई हसल्या.

"नगरपरिषद कायची बांधते! जुनाच हाय. बाबाले चालाचं हाय ना? मंग इथीच राहा. आमची गल्ली चालते."

गल्ली चालते. मला वाटलं, चालण्यासारखी आहे असं म्हणायचं असेल. मी लगेच हो म्हटलं. दलाल मात्र खाली बघत चपलेनं माती उकरत होता. हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पहिल्याच आठवड्यात मी घाईत स्कूटी त्या पट्ट्यावर लावली आणि चहा प्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर स्कूटी खाली रस्त्यावर, नीट स्टँडवर उभी. हँडल लॉक होतं, चावी माझ्या हातात. मिलच्या हमालांनी उचलून ठेवली असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

बाबा चालायला तयारच नव्हते. नागपुरात एकदा भररस्त्यात पडले होते, त्याची लाज मनात बसली होती. माझ्या हाताला धरून दोन-चार घरं जायचे आणि "बस झालं, पोरी" म्हणायचे. मला बँकेत उशीर होतो म्हणून लवकर परत फिरतात, हे मला कळायचं आणि वाईट वाटायचं.

एकदा महिनाअखेरीला मला लवकर निघावं लागलं. संध्याकाळी आले तर बाबा ओट्यावर बसलेले, चेहरा एकदम टवटवीत.

"टोकापर्यंत जाऊन आलो," म्हणाले. "इथले लोक चांगले आहेत गं. कोणीतरी हात धरला, डाव्या बाजूनं. बोलत नाही पण पकड पक्की आहे."

"कोण होतं?"

"मान वळवली की तोल जातो, म्हणून पाहिलं नाही. पण तळहात खरखरीत होता. कष्टाचा हात."

आणि मग माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. डावा हात! ज्याला चहाचा चटका कळला नव्हता, त्या हाताला तळहाताचा खरखरीतपणा कळला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दारात थांबले. कोवळं ऊन होतं, सुमनबाईंनी नुकताच सडा टाकला होता आणि त्यावर अजून कोणाचं पाऊल पडलं नव्हतं. बाबा उतरले आणि चालू लागले. एकटे. मी डोळ्यांनी बघत होते, त्यांच्या आसपास कोणीही नव्हतं. पण मागे ओल्या सड्यावर त्यांच्या चपलेचे ठसे उमटत होते, डाव्या पायाची ओढलेली रेघ उमटत होती, आणि तिच्या डावीकडे, अगदी लागून, अनवाणी पावलं. बाबा थांबले की तीही थांबायची. पण खरं सांगू? भीती नाही वाटली. इतक्या सांभाळून कोणी माझ्या बाबांना चालवताना मी पाहिलंच नव्हतं. माझं तर सगळं लक्ष घड्याळाकडे असायचं.

मी सुमनबाईंना गाठलं. "बाई, कोण चालतं इथे?"

"सांगतलं ना तुमाले पयल्याच दिशी. चालते."

"पण कोण? बाई की माणूस?"

"ते का मालूम? चालते." त्यांनी बादली खाली ठेवली. "माह्या सासूच्या सासूपासून चालून राह्यलं. कोनाले तरास नाई. आमी वाटेत काई ठेवत नाई, बस. चालनाऱ्याले वाट ठेवा लागते, बाई."

इथल्या बोलीत बाई असो की माणूस, "चालते" एकच. त्यामुळे तेवढंही कळलं नाही. पण मला या लोकांचं फार कौतुक वाटलं. ना देऊळ बांधलं, ना शेंदूर फासला, ना नवस ठेवला. फक्त वाट मोकळी ठेवली, तीही पिढ्यान्पिढ्या, एक खाट न टाकता! आपल्या शहरांत हे दंड लावूनही होत नाही.

बाबा रोज जाऊ लागले. मी त्यांना ठशांचं सांगितलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. हिवाळा सरता सरता ओढलेली रेघ पुसट झाली. काठी दाराआड गेली.

मग एका सकाळी बाबा परत आले ते ओट्यावर बसून रडायलाच लागले. पडलात का, कुठं लागलं, मी विचारत सुटले.

"नाही गं," ते म्हणाले. "आज कोणी हात धरला नाही. टोकापर्यंत गेलो तेव्हा कळलं, मी एकटाच चालत होतो."

मी सड्याकडे पाहिलं. जाताना-येतानाचे फक्त त्यांच्याच चपलेचे ठसे. दोन्ही पाय सारखे पडलेले.

डॉक्टर म्हणतात, मेंदू बरा होताना असे भास होतात. बाबांचं ठीक आहे, पण मी सड्यावर पाहिलं त्याचं काय? बाबा आजही कोणापुढे हात जोडत नाहीत. फक्त एक झालंय. पट्टा चांगला रुंद आहे, तरी बाबा अगदी उजव्या कडेनं चालतात, डावी बाजू सोडून. मी न राहवून विचारलं, कोणासाठी?

"कोणासाठी म्हणजे? सगळा फूटपाथ अडवून चालणं बरोबर नाही," मास्तर म्हणाले, आणि डावा हात अंगापासून जरासा सुटा धरून चालू लागले.