नानांनी न लावलेला हात

नाना हाडवैद्य डोळे मिटून हाड बघायचे. पहूरला त्यांच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असायची. कुणी केळीच्या गाडीवरून पडलेला, कुणी विहिरीवर घसरलेली. नाना दुखऱ्या जागेवर दोन्ही अंगठे ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बोलता बोलता हाड बसवून मोकळे व्हायचे. माणूस बोंबलला की म्हणायचे, "वरड बाप्पा, वरड. हाडाले ऐकू येत नाही."

मी चौदा वर्षांची असताना माझा गुडघा सुजला. आईनं दोन महिने शेकला, उतरेना. शेवटी वडील मला नानांकडे घेऊन गेले.

"पडली कव्हा?" नानांनी विचारलं.

"पडले नाही, नाना," मी म्हटलं.

"रात्री दुखतं?"

"झोपू देत नाही."

पुढे आलेले हात त्यांनी मागे घेतले. वडिलांना म्हणाले, "याले मी हात लावत नाही. पोरीले जळगावले ने, हाडाचा फोटो काढ."

वडील भडकले. "बठ्ठ्या गावाची हाडं बसवता, अन् माह्याच पोरीचं जड झालं? जरा चोळून द्या!"

"तेच करायचं नाही," नाना म्हणाले. वडील तणतणत मला घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाच पिशवी घेऊन आमच्या दारात हजर. "चला, एसटी चुकंन."

वडील रागानं पुढच्या बाकावर बसले. नाना माझ्याशेजारी. खिडकीबाहेर बघत त्यांनी मला शकूचं सांगितलं. शकू त्यांची धाकटी मुलगी. तिची नडगीही अशीच सुजली होती. बाप हाडवैद्य, मग डॉक्टर कशाला? चार महिने त्यांनी रोज गरम तेलानं चोळलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. गाठ वाढतच गेली. शेवटी जळगावला नेलं, तेव्हा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, 'हाडाची गाठ आहे ही, चोळली कुणी?'

"मी म्हनलं, मी चोळली," नाना म्हणाले. "शकू दिवाळीपर्यंतही राह्यली नाही. लोकं म्हनतात, नानाच्या हाताले गुण आहे." जळगाव आल्यावर पिशवी उचलून तेच आधी उतरले.

फोटोत गाठ दिसली. तुकडा तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला. मुंबईला माझा पाय मांडीतून कापला. औषधांनी केस गेले, जेवण गेलं, पण छातीत काही पसरलं नव्हतं. मी जगले.

अन् गावाची जीभ बघा! 'नानानं चोळलं असतं त पाय राह्यला असता.' माझी आईही हेच म्हणायची. नानांनी शकूचं नाव काढलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्यांनी कुणाला चकार शब्दानं उत्तर दिलं नाही.

आणि मी? बसमधलं सगळं ठाऊक असून मीही तीन वर्षं त्यांच्या ओसरीवरून मान फिरवून गेले. कुबडी घेऊन चालणाऱ्या पोरीला कुणावर तरी राग काढायचा होता. आज सांगताना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नानांनी अखेरचं अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मात्र राहवेना. नकली पाय बसवून मी एकटीच गेले आणि त्यांच्या खाटेवर बसले. "नाना, चुकले मी," म्हटलं.  त्यांनी हात लांबवून माझा तो नकली पाय जवळ ओढला, डोळे मिटले. दोन्ही अंगठे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सावकाश वर गेले. त्या पायाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता.

"रात्री दुखतं?"

"नाही, नाना."

"मंग शकूले सांगतो."