खोली तिनेच उघडली होती

अन्याय झाला तो आमच्या स्टुडिओतल्या गेम डिझायनर मुलीवर. मखमलाबादकडची, फुलशेती करणाऱ्या घरातली. आणि झाला तो २००९ सालच्या संक्रांतीला, दुपारी, जेवणाचे डबे उघडायच्या आधी. करणारे आम्ही तिघं होतो. सर, म्हणजे स्टुडिओचे मालक, आमचा सीनियर प्रोग्रामर, आणि मी. पत्रकं लिहिणाऱ्या पोरांना शिकवतात की पहिल्या ओळीत कुणावर, केव्हा आणि कुणी हे आलंच पाहिजे. कॉलेजात फीवाढीविरुद्ध मी ढिगानं पत्रकं लिहिली, त्यातल्या एकातही माझ्या बाजूच्या माणसाचं नाव 'कुणी' या जागेवर लिहायची वेळ आली नव्हती.

स्टुडिओ म्हणजे इंदिरानगरातला एक फ्लॅट, खाली मेडिकल. आम्ही सात जण. टीव्हीला जोडून खेळायचे कन्सोल बनवणाऱ्या परदेशातल्या एका मोठ्या कंपनीसाठी आम्ही एक छोटा गेम करत होतो. ते पब्लिशर, आम्ही बनवणारे. ऐकायला जोडी वाटते, पण जोडी वगैरे काही नसते. त्यांच्या कन्सोलवर गेम चालतो का हे पाहायला एक खास मशीन लागतं, त्याला आम्ही किट म्हणायचो. ते बाजारात मिळत नाही, पब्लिशर वापरायला देतो आणि वाटेल तेव्हा परत मागतो. त्याच्याबरोबर अटी येतात. किट कुलपाच्या खोलीत ठेवायचं. आत जाणाऱ्यांची नावं आधी मंजूर करून घ्यायची. किल्ली एकाच माणसाकडे, आणि त्याचं नाव त्यांच्याकडे लिहून द्यायचं.

आमच्यापैकी चौघांची नावं मंजूर होती: सर, प्रोग्रामर, टेस्टिंग करणारा मी, आणि ती. किल्ली तिच्याकडे दिली, कारण ती वस्तू हरवत नसे. बेडरूमची स्टोअररूम केली होती, तिथे किट ठेवलं. आम्ही तिला किल्लीवाल्या बाई म्हणायचो. ती चिडायची नाही. म्हणायची, "आधी हात धुऊन या, वेफर खाल्लेत. मग उघडते."

आदल्या दसऱ्याच्या वेळी, खंडेनवमीला, सरांच्या आई पूजेचं ताट घेऊन आल्या. त्या पंचवटीतल्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या यजमानकृत्य, म्हणजे भिक्षुकी. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्यांनी सगळे कॉम्प्युटर पुजले, प्रिंटर पुजला, आणि मग बंद दारापाशी थांबल्या.

"आत काय आहे?"

"आत मुख्य मशीन आहे, काकू," ती म्हणाली. "पण कंपनीला लिहून दिलंय, आत दुसऱ्या कुणाला सोडायचं नाही."

"अगं, मी मिक्सर पुजून आले, लेकाची गाडी पुजून आले. ह्यानंच काय घोडं मारलंय?"

ती सरांकडे बघायला लागली. "सर, काकूंचं नाव यादीत नाहीये."

"उघड गं," सर म्हणाले. "माझी आई काय चोरून नेणार आहे? दोन मिनिटांचं काम."

प्रोग्रामर पाठीमागून म्हणाला, "किल्लीवाल्या बाई, आता देवालाही गेटपास काढायला लावणार का?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. ती एकटी हसली नाही. तिनं किल्ली काढली, दार उघडलं आणि बाजूला झाली. काकूंनी किटला हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. किटच्या वरच्या बाजूला हवा खेळायला जाळी होती. हे आम्हा सगळ्यांना रोज दिसत होतं. त्या दिवशी एकालाही दिसलं नाही.

दिवाळीनंतर किट तापून बंद पडायला लागलं. पंखा अडकत होता. स्वतः उघडायची परवानगी नव्हती, म्हणून कुरिअरनं परत पाठवलं. त्यांनी उघडलं, आणि आतून लाल भुकटी आणि तांदळाचे दाणे निघाले. तसं त्यांनी फोटोसकट कळवलं.

आमच्याशी दर आठवड्याला फोनवर बोलणारा त्यांचा एक माणूस होता. सभ्य माणूस, आवाज कधी चढला नाही. त्यानं विचारलं, खोलीत कोण आलं होतं? सरांनी सांगितलं, आमच्याकडे यंत्रांची पूजा करतात. तो म्हणाला, समजलं, छान प्रथा आहे. पण माझ्या वरच्यांना एक जबाबदार माणूस लागतो. एक नाव द्या, मंजूर यादीतल्या बाकीच्यांनी त्याला दुजोरा द्यावा, विषय संपला. नाहीतर नवीन किट पाठवता येणार नाही. आणि किट नाही तर गेम नाही.

आता यावर मी काय वाटेल ते लिहू शकतो. सात माणसांचं पोट एका डब्यावर टांगून ठेवायचं आणि तो डबाही स्वतःच्या मालकीचा ठेवायचा, याला भागीदारी म्हणत नाहीत. सात जणांतून एकाला बाहेर काढून द्या म्हणणारा आवाज गोड असला म्हणून मागणी गोड होत नाही. हे सगळं खरं आहे, आणि मी ते जिथे मिळेल तिथे बोलत आलोय. पण त्यानं नाव मागितलं होतं. कोणतं द्यायचं ते आम्ही ठरवलं.

संक्रांतीला सकाळी ती सगळ्यांना तिळगूळ देऊन गेली होती. दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रोग्रामर तिथेच बसला होता.

"तू पत्रकं लिहायचास ना? चार ओळी लिही. खोटं काही नको. जे झालं तेच."

"काय झालं म्हणून लिहू?"

"खोली कुणी उघडली?"

"तिनं. पण उघड म्हणून..."

"तेवढंच विचारलंय त्यांनी," प्रोग्रामर म्हणाला. "जादा माहिती दिली की जादा प्रश्न येतात."

मी लिहिलं. स्थानिक सणाच्या दिवशी, ज्यांच्याकडे किल्ली सोपवली होती त्यांनी खोली उघडली आणि यादीबाहेरच्या व्यक्तीला आत येऊ दिलं. एकही शब्द खोटा नव्हता. सरांचं "उघड गं" त्यात नव्हतं, देवाचा गेटपास नव्हता, माझं हसू नव्हतं. तिघांनी खाली नावं घातली आणि मेल गेला.

केबिनमधून बाहेर आलो तर ती डबा उघडत होती. "काय चाललंय आत?"

"पब्लिशरला उत्तर पाठवलं."

"माझं काही असेल तर सांगा. मी बोलते त्या माणसाशी. इंग्लिश तुटकं आहे माझं, पण सांगता येईल."

मी म्हणालो, "बघू."

उत्तर आलं. नवीन किट मिळेल, मात्र तिचं नाव यादीतून कमी केलं आहे. तिनं खोलीत यायचं नाही आणि किटवर चाललेलं काही तिला दाखवायचं नाही. सरांनी तिला सांगितलं, तात्पुरतं आहे. तिनं किल्ली जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली आणि एकच विचारलं: "उघड म्हणून कुणी सांगितलं, ते लिहिलंय का?"

सरांनी किल्ली उचलून माझ्याकडे दिली. ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

गेममधला सगळ्यात अवघड टप्पा तिचा होता. एक खोल विहीर, दोरांना टांगलेल्या बादल्या खाली-वर होताहेत, आणि एकीवरून दुसरीवर उड्या मारत वर यायचं. यातली सगळी गंमत वेळ साधण्यात. ती आकड्यांनी जमत नाही, हातात कंट्रोलर घेऊन बोटांना कळावी लागते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उडीची वेळ एक लागायची आणि किटवर वेगळी. तिला हा टप्पा पुरा करायचा होता. दुसरं काही मागत नव्हती.

मग आम्ही काय केलं? मी आत खेळायचो, बाहेर येऊन दार लावायचो आणि तिला सांगायचो.

"तिसऱ्या बादलीवरून पडतोय."

"पडतो म्हणजे कधी? बादली वर येताना का जाताना?"

"जाताना. थोडं नंतर."

"बटण दाबूनच ठेवलं होतंस की सोडलंस?"

"आठवत नाही."

"जा, परत बघून ये."

मी परत जायचो. दार उघडं ठेवलं असतं तर तिला तिच्या खुर्चीतून पडदा दिसला असता. पब्लिशर काही इंदिरानगरात येऊन बघणार नव्हता. काकूंसाठी जो नियम दोन मिनिटांत मोडला, तो तिच्यासाठी आम्ही इमानदारीनं पाळला. एके दुपारी ती म्हणाली, "माझीच विहीर तू मला ऐकवतोयस." आणि हसली. महिनाअखेरीला ती सोडून गेली. विहिरीचा टप्पा आम्ही सोपा करून टाकला, कारण त्याची वेळ आमच्यापैकी कुणाला जमली नाही. तसाच तो गेम निघाला.

दोन वर्षांनी मी तिच्या घरी गेलो. ती तेव्हा सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ड्रॉइंग करत होती. वडील वाफ्यातून आले, म्हणाले, "बसा. ती येतीच हाय. लय दिवसांनी आलात." त्यांना काही माहीत नव्हतं. ते मला चहा देत होते.

ती आली. मी माफी मागितली.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं. ज्यांना लिहिलंस त्यांना सांग. तुम्ही तिघांनी. माझं नाव अजून तिथे तसंच असेल."

मी सरांकडे गेलो. "जाऊ दे ना, आता कशाला उकरतोस?" प्रोग्रामरनं फोन उचलला नाही. मी एकट्यानं लिहिलं. तो सभ्य माणूस ती कंपनी सोडून गेला होता आणि दुसऱ्या कुणी उत्तर दिलं नाही. तिच्या नावापुढे आमचं ते खरं वाक्य आजही आहे तसंच आहे, आणि ते पुसायला मला तीन सह्या लागतात. माझ्याकडे एक आहे.

तुम्ही कुठेही नोकरी करत असाल, स्टुडिओत, बँकेत, शाळेत. एका माणसाचं नाव घेतलेला मजकूर उद्या तुमच्यापुढे सहीला येईल. शब्दन्‌शब्द खरा असेल, आणि वरून म्हणतील, तेवढंच विचारलंय. सही करू नका. उठा, त्या माणसाला बोलावून आणा आणि सगळ्यांसमोर तो मजकूर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्याला जे म्हणायचंय ते खाली लिहून घ्या. ते लिहून होईपर्यंत पेन खाली ठेवा.