शालीएवढं अंतर

माझ्या सावत्र आईच्या हातात जादू होती, आणि ती जादू अगदीच कुचकामी होती. हे मी रागाने म्हणत नाही. बरं, थोडं रागाने म्हणते. गोष्टींतल्या जादूगारणी दगडाचं सोनं करतात, माणसाचा बेडूक करतात. हिची जादू रफू करण्यापुरती. हिने फाटलेलं जोडलं की ते पुन्हा फाटत नसे, आणि हात घाईत असला की नको तेही जोडलं जायचं.

लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात तिने बाबांच्या पँटचा फाटका खिसा शिवला. शिवला तो असा, की आत गेलेली वस्तू बाहेर यायलाच तयार नाही. किल्ली, रुमाल, पाना, सगळं गिळून खिसा पोट भरल्यासारखा फुगून बसला. बाबा प्लंबर. साऱ्या जगाची गळती थांबवणारा माणूस. "निदान आता गळत तरी नाही," असं म्हणून त्यांनी ती पँट कायमची खुंटीला टांगली.

मग माझ्या उशीचा अभ्रा. त्याला लावायला धागा मिळाला नाही म्हणून तिने स्वतःच्या अभ्र्यातला काढून वापरला. झालं! रोज सकाळी माझी उशी सरपटत तिच्या खोलीच्या दाराशी. मी ओढून आणायची, ती पुन्हा जायची. तेव्हा तिने मला तिच्या कामाचा एकुलता एक नियम सांगितला: ज्याचा कपडा, त्याचाच धागा. आतल्या शिवणीत थोडा जास्तीचा असतो, तिथूनच काढायचा. दुसऱ्या कपड्याचा लावला, तर दोन्ही कपडे एकमेकांना सोडत नाहीत.

"मग तुम्ही का लावलात?" मी विचारलं.

"तुझी उशी रात्रभर उघडी पडली असती," ती म्हणाली.

मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, आणि हाक मारायची वेळ आलीच तर 'बाई'. तिची गिऱ्हाइकंही बाईच म्हणायची. पुढच्या खोलीच्या खिडकीत ती बसे. रफू करायच्या लाकडी अंड्यावर मोजा ताणून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून टाके घालायची. अंगावर कायम तीच करडी, हाताने विणलेली शाल. ती उन्हाळ्यातही खांद्यावरून उतरत नसे. का, ते मी विचारलं नव्हतं. मला तिच्याबद्दल काहीही जाणून घ्यायचं नव्हतं.

माझ्या अंगात कायम माझा स्वेटर असायचा. आईने विणलेला शेवटचा. आई गेली तेव्हा तो मला ढगळ होता, आता मनगटं बाहेर यायला लागली होती. मी तो धुवायला देत नसे. धुतला की आईचा वास जाईल, आणि धुणार कोण, तर ही.

मला त्या घरातून निघायचं होतं. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, बसने तीन-चार तासांवर राहायची. तिने कबूल केलं होतं, एखाद्या रविवारी येऊन तुला कायमची घेऊन जाते. ती यायची त्या रविवारी मी उजाडायच्या आधीच पिशवी भरून फाटकापाशी उभी होते. तिथल्या खिळ्याला कोपर अडकलं आणि स्वेटरला भोक पडलं.

बाईंच्या नजरेतून भोक सुटतं थोडंच!

"काढून दे. लगेच करते."

"नको."

"अगं, मावशी काय म्हणेल? सावत्र आहे म्हणून पोरीला फाटकं घालते."

"म्हणू दे."

तिने माझा हात धरून मला खिडकीतल्या तिच्या खुर्चीपाशी आणलं आणि अंगावरच काम सुरू केलं. पण स्वेटरमध्ये जास्तीचा धागा निघेना. आईने लोकर संपेपर्यंत विणला होता, एक टोकही शिल्लक ठेवलं नव्हतं. बाईंनी आत पाहिलं, बाहेर पाहिलं, रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज ऐकला, आणि स्वतःच्या शालीच्या कोपऱ्यातून करडी लोकर ओढली. मला उशी आठवायला हवी होती. तिला तर हवीच होती. पण तिला त्या क्षणी मावशीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

मावशी आली, मी तिच्याकडे धावले, आणि दारातच कोपराला असा हिसका बसला की मी पिशवीसकट जमिनीवर. मागे बाईही खुर्चीतून खाली आल्या होत्या.

मग सगळे प्रयोग झाले. बाबांनी कोपराला तेल लावून पाहिलं, त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर तेलच असतं. मावशीने मला कमरेला धरून ओढलं. बाईंपासून मी जाऊ शकत होते ते बरोबर त्या शालीच्या लांबीएवढं. त्यापुढे एक बोटही नाही.

"बांधून ठेवलंय पोरीला!" मावशी ओरडली.

बाईंनी कात्री उचलली आणि खाली ठेवली. "हा टाका कापला तर टाका नाही जायचा. स्वेटर उसवेल."

"मग काढ गं तो स्वेटर," मावशी मला म्हणाली. "राहू दे इथेच. मी तुला नवा घेईन, याहून छान."

इकडे आड, तिकडे विहीर. स्वेटर काढला की मी सुटणार, आणि आईचा स्वेटर या बाईकडे राहणार. मी दोन्ही हातांनी कोपर झाकून घेतलं. बाईंनी शाल अंगाशी घट्ट ओढली; ती काढून द्यायला त्याही तयार नव्हत्या. मावशी पुढच्या रविवारी येते म्हणून तणतणत निघून गेली.

तो आठवडा मी विसरणार नाही. मी न्हाणीघरात, तर बाई दाराला पाठ लावून बाहेर. त्या खिडकीत बसल्या, तर मी त्यांच्या पायाशी. शाळेत त्या माझ्या शेजारी शेवटच्या बाकावर बसल्या, आणि मधल्या सुट्टीपर्यंत वर्गातले निम्मे मोजे त्यांच्याकडे जमा झाले. पोरं हसून हसून लोळत होती. मला मात्र श्वास पुरत नव्हता. रडायलासुद्धा जागा नव्हती. घरी आल्यावर एकदा रडू आवरलंच नाही, तेव्हा त्या उठल्या, शाल ताणली जाईल तेवढ्या लांब गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. माझं रडणं संपेपर्यंत वळल्या नाहीत.

"सोडा ना मला," मी त्यांच्या पाठीला म्हटलं.

"मलाही कुठे जाता येतंय," त्या भिंतीला म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. बाबा म्हणत होते, काढ तो स्वेटर. वर्गशिक्षिका म्हणाल्या, काढून टाक की. बाईंनी एकदाही म्हटलं नाही.

रविवारी मावशी पुन्हा दारात उभी राहिली.

"जायचंच आहे?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"स्वेटर घालून?"

"हो."

त्यांनी शाल खांद्यावरून उतरवली, मांडीवर घेतली आणि कोपऱ्यातलं टोक ओढलं. एक ओळ उसवली. लोकर हातात आलीच नाही, आमच्यामधल्या अंतरात विरून गेली. "पुढे हो," त्या म्हणाल्या. मी पुढे झाले. हिसका बसला नाही. आणखी एक ओळ. मी दाराबाहेर. आणखी. मी फाटकाबाहेर.

"ही कोणी विणली होती?" मी तिथून विचारलं. इतक्या दिवसांत त्यांच्याबद्दल पहिल्यांदा काहीतरी विचारलं.

"माझ्या आईने. चल, बस चुकेल."

बस वळली तेव्हा त्या फाटकात उभ्या होत्या, मान खाली, हात भराभर शाल उसवत.

मावशीकडे मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. माझी वेगळी खोली होती. दार लावलं की कोणी नाही. कोपराला कोणी ओढत नव्हतं. मावशीने नवा स्वेटर आणला, तो मी कपाटात ठेवला.

थंडी पडली तेव्हा बाबांचा फोन आला. नळ गळतात, कामं खूप, वगैरे झाल्यावर मी सहज विचारलं, "बाई कशा आहेत?"

"बरी आहे. शालीची एक पट्टी उरलीय, तीच गळ्याभोवती गुंडाळते. मफलर आहे म्हणते. नवी घे म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, ही गळ्याशी ओढली की कळतं, दुसऱ्या टोकाला पोरगी आहे म्हणून."

मी फोन ठेवला. त्या रात्री मला माझ्या त्या मोकळ्या खोलीत झोप आली नाही.

सकाळी मावशीला सांगितलं, भेटून येते. ती गाल फुगवून बसली, पण बसमध्ये बसवून दिलं. घरी कोणाला कळवलं नव्हतं. तरी दार उघडंच होतं, टेबलावर दोन पेले होते, दूध गरम होतं. बाई खिडकीत बसल्या होत्या आणि खांद्यावर अख्खी शाल होती.

"सकाळपासून वाढतेय," त्या म्हणाल्या. "ओळीवर ओळ. आधी वाटलं, डोळे गेले माझे."

मी पिशवी ठेवली. दूध प्यायले. त्यांची नजर माझ्या दुसऱ्या कोपरावर गेलीच. ते बसच्या खिडकीला अडकून फाटलं होतं.

त्यांनी हात पुढे केला नाही. नुसत्या उठल्या आणि डब्यातून लोकरीची नवी लडी काढली. स्वेटरच्याच रंगाची, कधीतरी बाजारातून जुळवून आणून ठेवलेली. "ही कोणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "काही चिकटणार नाही. भिऊ नकोस."

मी स्वेटर डोक्यावरून काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ती नको," मी म्हटलं. "शालीतली घ्या."